ताडीच्या पावाचा परवाना

दारूबंदी आली तेव्हा आमच्या घरात पिणारा माणूस एकच होता, माझे सासरे, आणि त्यांची काळजी कुणालाच वाटली नाही. काळजी लागली ती पावांची. उत्तनच्या किनाऱ्यावर तेव्हा पाव फुगायचा तो ताडीवर. सकाळी झाडावरून उतरवलेली ताडी पिठात घालून मळलं, वर जुनं कांबळं टाकलं, की दुपारपर्यंत पीठ काठवटीबाहेर डोकवायला लागायचं. ताडी बंद म्हणजे भट्टी बंद. आणि भट्टी माझ्या सासूची होती.

सासूची होती हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एवढी साधी गोष्ट मान्य करणं सगळ्यांनाच जड जायचं. लोक म्हणायचे, "त्याची भट्टी." तो म्हणजे सासरे. त्यांनी उभ्या जन्मात भट्टीत एक लाकूड सारलं नव्हतं. माझा नवरा लहान असताना होडीची डोलकाठी मोडून त्यांच्या पायावर पडली, गुडघा वाकेनासा झाला आणि समुद्र सुटला. सासूला माहेरी लग्नाचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि पाव करायची सवय होती. तिनं भावाला हाताशी धरून घरामागे माती आणि फुटक्या कौलांची भट्टी घातली, आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांशी टोपली घेऊन बसली. पहिल्या रविवारी फक्त नातेवाइकांनी पाव घेतले, तेही दया येऊन, असं ती सांगायची. पुढच्या रविवारी मात्र लोकांनी मागून घेतले. ही तिसाच्या सालांतली गोष्ट. मी लग्न होऊन आले तोवर तिचा मऊ पाव गावात जात होता, कडक पाव होड्यांवर जात होता आणि मुर्धा-राईच्या मिठागरांवरच्या मजुरांसाठी रोज एक टोपली वेगळी निघत होती.

माझं माहेर खाडीपलीकडचं, वसईच्या बाजूचं. मी सातवी पास, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. नवरा मुंबईला गोदीत कारकून. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. लग्नाआधीच त्यानं मला मुंबईत खोली घेण्याचा शब्द दिला होता आणि माझा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. भट्टीच्या धुरानं माझे डोळे चुरचुरायचे, केसांना वास यायचा. शिवाय आय, म्हणजे माझी सासू, मला पिठाला हात लावू देत नसे. लाकडं आण, पाणी आण, टोपल्या पूस, एवढंच. पीठ मळायला गेले की ती मला कोपरानं बाजूला सारायची.

"तुझे हातान घाई हाय," ती म्हणायची. "पीठाला घाई चालत न्हाय."

मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर घाई होतीच.

लढाईच्या दिवसांत पिठाचं रेशनिंग सुरू झालं तेव्हाच आम्हाला पहिला झटका बसला होता. भट्टीवाल्यांना जादा मैदा मिळायचा, ही चांगली सोय होती. सरकारनं ती केली नसती तर भट्टी तेव्हाच विझली असती. पण मैदा आणायला आय गेली की दुकानातला माणूस विचारायचा, "मालक कुठाय?" आय म्हणायची, "मीच." तो म्हणायचा, "बाई, मालकाला घेऊन या." मग दर खेपेला छकडा जोडायचा, त्यात गवत पसरायचं, सासऱ्यांना दोघांनी धरून वर चढवायचं, त्यांचा ताठ पाय बाहेर लोंबकळत ठेवायचा आणि भाईंदरपर्यंत वाजतगाजत न्यायचं. तिथं दुकानदार त्यांच्याकडे बघायचा, ते आमच्याकडे बघायचे आणि मैदा मिळायचा. सासरे वाटेत कुरकुरायचे, "मना देवाच्या मूर्तीसारखा कशाला फिरवताव?" आय म्हणायची, "मूर्तीला तरी फुलं मिलतात. तुमाला मैदा मिलतो, गप बसा."

असं हसत-खेळत ते दिवस गेले. स्वराज्य आलं, आम्ही चर्चच्या मैदानात झेंडा लावला, लाडू वाटले. आणि मग काही काळानं दारूबंदी आली.

तिच्याविरुद्ध मी काही बोलणार नाही. किनाऱ्यावर दारूनं बुडालेली घरं मी पाहिली आहेत आणि त्या घरांतल्या बायकांनी बंदीचा हुकूम ऐकून मेणबत्त्या लावल्या हेही मी पाहिलं आहे. आयला स्वतःला ती बंदी मनातून पटली होती. पण हुकूम काढणाऱ्यांना ताडी म्हणजे पेला एवढंच दिसलं होतं. पाव त्यांच्या ध्यानातच आला नसावा. मडकी झाडावरून उतरली, ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यानं कोयता खुंटीला टांगला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या काठवटीत पीठ नुसतं पडून राहिलं.

आयनं हार मानली नाही. आदल्या दिवसाचं पीठ ठेवून पाहिलं, तर पाव इतका आंबट झाला की पोरांनी तोंडं वाकडी केली. उकडलेले बटाटे घालून पाहिले. माझ्या नवऱ्यानं मुंबईहून खमिराच्या पुडीचा डबा आणला, तो बहुधा दुकानात वर्षभर उन्हात बसलेला असावा, कारण पाव फुगण्याऐवजी खाली बसला. ते पाव होडीवर गेले आणि चार दिवसांनी एक तांडेल टोपलीसकट परत घेऊन आला.

"काकी," तो म्हणाला, "नांगर हरवला तं तुझा पाव बांधून टाकू. होरी हलनार न्हाय."

आय त्याच्यासमोर मोठ्यानं हसली. तो गेल्यावर टोपली शेजारच्या डुकरांपुढे ओतली आणि थंड भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "पोरी, बारा गावच्या बायका भाकरी थापतात. मना काय त्यातली एक होयाला लाज न्हाय. पन मी जा उभा केला ता असा विझावा?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

भंडारी भला माणूस. त्याचाही धंदा बसला होताच. तो एकदा पहाटेच हळूच येऊन म्हणाला की खाडीकडच्या तिवरांत एक झाड आहे, तिकडे कुणी फिरकत नाही, पाचोळ्याखाली झाकून तो मडकं आणून देईल. मला तर ती युक्ती लगेच आवडली. आयनं ऐकून घेतलं. आमच्याकडे पीठ झाकण्याआधी त्यावर तळहाताच्या कडेनं क्रूस काढायची रीत आहे. तिनं रिकाम्या काठवटीवर तसाच हात फिरवला.

"चोरीच्या ताडीवर मी क्रूस कसा कारू?" ती म्हणाली. "न्हाय दादा. मिलाली तं उजेडान मिलाली पायजे."

उजेडात मिळण्याची वाट आमच्या फादरनी दाखवली. त्यांच्याकडे वर्तमानपत्र यायचं. त्यांनी सांगितलं की पिण्याव्यतिरिक्त दुसऱ्या कामासाठी लागत असेल तर अर्ज करता येतो, सरकार विचार करतं. मग माझी सातवी कामाला आली. मी ओट्यावर बसून अर्ज लिहिला. 'मी अमुक, राहणार उत्तन, गेली इतकी वर्षं पावाची भट्टी स्वतः चालवते,' अशी सुरुवात केली आणि 'स्वतः' या शब्दाखाली रेघ मारली. आयनं सही केली. भाईंदरला जाऊन मी स्वतः टपालात टाकला.

उत्तर आलं ते सासऱ्यांच्या नावे.

'आपल्या पावाच्या भट्टीसंबंधीचा आपला अर्ज पोहोचला,' असं त्यात होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मी कधी अर्ज केला?" आय मात्र पुढचं ऐकायला उतावीळ होती. पुढे लिहिलं होतं की अधिकारी तपासणीला येतील, आणि तपासणीपुरती एक मडकं ताडी काढायला पोलीस पाटलाच्या देखरेखीखाली मुभा आहे. आयनं लगेच भट्टी सारवायला घेतली. नावाचं नंतर पाहू, म्हणाली. पण सारवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, हा पकडायचा बेत आहे. कुणी म्हणे, बाई कचेरीच्या नादी लागली आणि आता साऱ्या गावावर नजर आणणार. दोन शेजारणींनी आमच्याकडे येणं बंद केलं. मडकं भरून ताडी घरात, दारूबंदीचा साहेब ओट्यावर, आणि एक चूक झाली तर परवाना दूरच, उलट खटला. आयनं घरातल्या प्रत्येकाला बजावलं की साहेबांसमोर जपून वागायचं. सासऱ्यांना तर तिनं दोनदा बजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

साहेब आले ते छकड्यातून, ऐन उन्हाचे. किडकिडीत, खादीचा सदरा, घाटावरचं बोलणं, बरोबर एक पट्टेवाला. आमच्या वाटेची धूळ त्यांच्या भुवयांवर बसली होती. ओट्यावरच्या बाकड्यावर बसून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि सासऱ्यांकडे वळले.

"आपणच अर्जदार?"

"मी? न्हाय."

"पण भट्टी आपली ना?"

सासऱ्यांनी आयकडे पाहिलं. आय म्हणाली, "भट्टी माझी, सायेब." साहेबांनी मान हलवली, हसले आणि पुन्हा सासऱ्यांनाच विचारलं, "रोज पीठ किती लागतं?" सासऱ्यांनी पुन्हा आयकडे पाहिलं. तिनं सांगितलं. साहेबांनी ते लिहिलं आणि सासऱ्यांना विचारलं, "आणि ताडी?" असा तो खेळ बराच वेळ चालला. साहेब माणूस वाईट नव्हता. पण पुरुष समोर बसलेला असताना बाईला प्रश्न विचारायचा, हे त्याच्या वळणातच नव्हतं. आयचं उत्तर सासऱ्यांच्या अंगावरून जाऊनच वहीत उतरत होतं.

सासऱ्यांना तो सगळा प्रकार अवघडल्यासारखा झाला असणार. आपल्याला काहीच उत्तर देता येत नाही, पाहुणा मात्र आपल्याशीच बोलतोय. अशा वेळी यजमानानं करायची एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. आमच्या किनाऱ्यावर घरी आलेला माणूस, मग तो सोयरा असो की सुतार, पेल्याविना परत जात नसे. लहानसा काचेचा पेला, खाली बशी, वर विणलेला रुमाल. हे इतक्या पिढ्यांचं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सासरे काठी टेकत उठले, आत गेले आणि मला वाटलं, पाणी आणायला गेले.

ते बशी घेऊन बाहेर आले. साहेबांपुढे वाकले, रुमाल बाजूला केला आणि अगदी मनापासून म्हणाले, "घ्या सायेब. दमून आयलाव."

पेल्यात ताडी होती. ताजी, वर फेस असलेली.

पट्टेवाल्याचे डोळे विस्फारले. "साहेब, पंचनामा करायचा?" तो हळूच म्हणाला. सासऱ्यांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की राग यावा की कीव, मला कळेना. मी कपाळाला हात लावला. मनात म्हटलं, संपलं. भट्टी गेली, बहुतेक सासरेही गेले.

आय पुढे झाली. तिनं बशीतून पेला उचलला, एक थेंब सांडू न देता, आणि घराला वळसा घालून भट्टीच्या छपराखाली गेली. साहेब उठून तिच्या मागे गेले. त्यांच्या मागे पट्टेवाला, त्याच्या मागे मी. काठवटीत पीठ तयार होतं. आयनं तो पेला पिठाच्या मधोमध ओतला आणि दोन बोटांनी कालवला.

"सायेब," ती म्हणाली, "आमचेत पावन्याला रिकामा ठेवत न्हाय. ही आमची चाल. त्यांचे हातून चूक झाली, पन पाप न्हाय. आता हा पेला तुमाला पावाचे रूपान मिलंल. मातर थांबायला लागंल."

साहेब पिठाकडे बघत म्हणाले, "बाई, माझी अडचण नेमकी हीच आहे. तुम्ही पाव कराल याबद्दल मला शंका नाही. पण पावासाठी म्हणून घरात आलेलं मडकं पेल्यात कधी जाईल, याचा भरवसा काय? आत्ता माझ्या डोळ्यांदेखत गेलंच की."

प्रश्न रास्त होता. आयनं काठवटीतला तो पिठाळ लगदा पुन्हा एकदा ढवळला आणि बोटं वर धरून निरखली. मग तिनं त्यातलाच थोडा लगदा वाटीत काढला, वर चिमूट मीठ टाकलं आणि मला म्हणाली, "बाबांना बोलाव."

सासरे आले, खाली मान घालून. आयनं वाटी त्यांच्यासमोर धरली.

"प्या."

त्यांनी वास घेतला. "यात पीठ हाय?"

"पीठ हाय, मीठ हाय. प्या ना, ताडीच हाय."

"त्यापेक्षा मी पानी पिन," सासरे म्हणाले, आणि तोंड असं केलं की पट्टेवाला खुदकन हसला.

आय साहेबांकडे वळली. "भंडारी मडका घेऊन आला, का दारातच पाटलासमोर त्यात पीठ आन मीठ कालवायचा. मंगच मडका आत. पीठ कालवलेली ताडी पावाला चालते, मानसाला न्हाय. या गावान हे पीत न्हाईत तं कोनीच पिनार न्हाय."

साहेबांनी वही उघडली. पण लिहिण्याआधी त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "किती पिठाला किती ताडी? आणि उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी चालतं का?" त्यांनी ते तिला विचारलं. मान वळवली नाही, सासऱ्यांकडे पाहिलं नाही. नंतरचे सगळे प्रश्न तिलाच होते आणि तिची उत्तरं सरळ वहीत उतरत होती. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला अभिमानानं अगदी भरून आलं होतं.

साहेब थांबले. शहाळं प्यायले, त्यांनी केळी खाल्ली, भट्टीत वाकून पाहिलं, कपड्यांवर राख पाडून घेतली. दुपार कलली तेव्हा कांबळं वर आलेलं दिसलं. पाव निघाले. साहेबांनी एक हातात घेऊन फोडला, आधी वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि मग खाल्ला. आणखी एक मागून घेतला. पट्टेवाल्यानं विचारलंही नाही, घेतलाच.

निघताना ते ओट्यावर थांबले आणि सासऱ्यांना हात जोडून म्हणाले, "कचेरीची रीत अशी, की परवाना कुटुंबप्रमुखाच्या नावे निघतो. कायद्यात तसं कुठं लिहिलेलं नाही, पण चालत आलंय. आता तुम्हीच सांगा. ज्या गृहस्थांनी मला ताडीचा पेला दिला त्यांच्या नावे ताडीचा परवाना द्या, अशी शिफारस मी कोणत्या तोंडानं करू?"

सासरे म्हणाले, "नका करू सायेब."

"तेव्हा बाईंच्याच नावे करावी लागेल," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले.

आयनं हा किस्सा पुढे सासऱ्यांना कधी विसरू दिला नाही. नाताळाला पाहुणे जमले की ती म्हणायची, "मना परवाना यांचेमुलंच मिलाला." तेही मान डोलवायचे. सुरुवातीला शरमेनं, नंतर नंतर थोड्या रुबाबात. मी मात्र त्या दिवशीच्या त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याची साक्षीदार आहे. त्यात कसलाही डाव नव्हता. शुद्ध सवय होती.

पीठ कालवायची अट परवान्यात तशीच्या तशी आली. पुढे डोंगरीच्या आणि पलीकडच्या पाड्यांतल्या ज्या बायकांनी अर्ज केले त्यांनाही तीच अट घालून परवाने मिळाले. त्यांचे अर्ज मीच लिहिले. येणं बंद केलेल्या त्या दोन शेजारणींपैकी एकीचाही लिहिला, जरा ताणूनच घेतलं, पण लिहिला. कुटुंबप्रमुखाचा प्रश्न कुणाच्याच बाबतीत फारसा निघाला नाही, कारण एकदा एका बाईचं नाव लागलेलं होतं. सरकारी कामात पहिलं नाव लागणं हीच मोठी लढाई असते, हे मला तेव्हा कळलं.

पण हे सगळं नंतरचं. आधी आमचा परवाना घ्यायला जिल्ह्याच्या कचेरीत जायचं होतं. आय, सासरे आणि मी मिठाच्या लॉरीतून निघालो. सासऱ्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि आम्ही दोघी मागे गोणींवर. काशीगाव गेलं, घोडबंदरची खाडी दिसायला लागली, वारा लुगड्यात शिरत होता. आयनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि खाली मीठ लागू नये म्हणून मी माझी चादर पसरली होती. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आदल्याच शनिवारी नवऱ्यानं सांगितलं होतं की परळला एक खोली मिळतेय. मी अजून आयला सांगितलं नव्हतं. भट्टी वाचली, आता आपण मोकळ्या, असं मी स्वतःला समजावत होते. आणि तरी त्या समजावण्यानं मला बरं वाटत नव्हतं.

कचेरीत साहेब आपल्या खुर्चीत होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, सासऱ्यांना पाहून मिशीत हसले. कारकुनानं परवाना पुढे ओढला, आयचं नाव वाचलं, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. साहेबांनी नुसतं म्हटलं, "बरोबर आहे." कारकून पुढे गेला.

"परवानाधारक आजारी पडली, किंवा काही बरंवाईट झालं, तर भट्टी चालवायला दुसरं नाव लागतं. मुलाचं नाव सांगा."

"मुलाचा कशाला?" आय म्हणाली.

"मग कुणाचं?"

"पोरगा गोदीन कलम चालवतो. चांगला चालवतो. पन पाव भाजला का कच्चा, त्याला खाल्ल्याबिगर कलत न्हाय." ती माझ्याकडे न बघताच बोलत होती. "हिचा नाव घाला. माझी सून. सगला अर्ज हिनंच केला. हिचे हातान घाई हाय, पन ती जाईल. मी शिकवीन."

इतकी वर्षं जिनं मला काठवटीपासून दूर ठेवलं, ती भरल्या कचेरीत माझं नाव सांगत होती. परळची खोली मला तिथं, त्या टेबलापाशी, स्पष्ट दिसली. खिडकी, नळ, स्वच्छ केस, सगळं. आणि मला उमगलं की मला ती नको आहे. मला भट्टी हवी होती. कुणी देईल असं वाटलंच नव्हतं, म्हणून मी ती कधी मागितली नव्हती, स्वतःपाशीसुद्धा नाही.

"बाई, तयार आहात का?" कारकुनानं विचारलं, आणि या वेळी त्यानं मलाच विचारलं.

"माझ्या नवऱ्याला विचारायला हवं," असं माझ्या ओठांवर आलं होतं. सासरे माझ्याकडे पाहत होते. आय खिडकीबाहेर पाहत होती, पण तिनं लुगड्याचा पदर मुठीत घट्ट आवळून धरला होता. तिलाही भीती वाटत होती, मी नाही म्हणेन याची.

"हो," मी म्हटलं. "आहे तयार."

मी सही केली. आयनं पदर सोडला, नाक ओढलं आणि कारकुनाला विचारलं, "झाला का? आमाला परत जायाला लॉरी गाठायची हाय. पीठ भिजवायचाय."